वर्षभर वापरलेला फोन

माझा सख्खा भाऊ अँड्रॉइड विकतो आणि माझा नवरा आयफोन. दुकान एकच, काउंटर दोन, मधे जेमतेम माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेच्या टोकाला काचेच्या पार्टिशनमागे माझं टेबल. जुने फोन तपासायचं काम माझं. कोणी वापरलेला फोन विकायला आणला की तो आधी माझ्यासमोर येतो. मी त्याला उलटासुलटा करते, काय झिजलंय, काय बदललंय ते बघते आणि भाव सांगते. मी सांगितलेला भाव आमच्या बाजारात सहसा कोणी मोडत नाही. त्यावरून मला नाव पडलंय 'तराजू'. तराजूला तोंड नसतं, हिला आहे, एवढाच फरक, असं आमचे हे म्हणतात.

दादाचं आणि ह्यांचं भांडण दुकान उघडल्यापासूनचं आहे. दादाचं म्हणणं सरळ असतं. जगात जास्त विकलं काय जातं? अँड्रॉइड. मग विषय संपला. "जावईबापू, माझ्याकडे सकाळपासून रीघ लागलीय, आणि तुमच्याकडे एक जण आला तो हप्ता विचारून गेला," असं तो ह्यांना भर दुकानात ऐकवणार.

ह्यांचं म्हणणं त्याहून सरळ. विकायला काय, कोणीही विकतं. परत घ्यायची वेळ आली की तोंड बघावं. "दादा, तुमचा फोन दुकानाची पायरी उतरला की अर्धा होतो. माझा दोन वर्षांनी परत आला तरी ताठ मानेनं येतो."

अडचण अशी, की दोघंही खरं बोलतात. एक जण मोजतो, किती लोकांना हवा आहे. दुसरा मोजतो, एकानं वापरून झाल्यावर दुसऱ्याला किती हवा आहे. प्रश्नच दोन वेगळे, तर उत्तर एक कसं येणार? हे मी दोघांनाही कितीदा सांगून पाहिलं. पण भांडणाऱ्या माणसाला उत्तर नको असतं, त्याला समोरचा गप्प झालेला हवा असतो.

शेवटी तोडगा काढला तो वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं. एका दुपारी ती डबा घेऊन आली होती आणि दोघांची जुंपली होती. ती म्हणाली, "रोजची कटकट नको. दोघांनी एकाच दिवशी एकेक फोन घ्या. सारख्या किमतीचा. वर्षभर वापरा आणि मग हिच्या टेबलावर आणून ठेवा. ही सांगेल कोणाची किंमत किती उरली ते." तेव्हापासून दरवर्षी आमच्याकडे हा निकाल लागतो. नियमही वहिनीचेच. फोन रोज वापरलाच पाहिजे, कपाटात ठेवायचा नाही. जुन्या फोनमधलं काही नव्यात घ्यायचं नाही, कोऱ्यावर सुरुवात. आणि माझा शब्द शेवटचा.

दादा दरवर्षी हरायचा. त्याच्या फोनचा त्यात दोष थोडा, वहिनीचा जास्त. ती दिवसभर त्याला फोन करायची. साबण संपला म्हणून करायची, साबण आणायला नको, सापडला म्हणून करायची. शेजारच्या घरी कोण आलं, ते का आलं, आणि गेलं का नाही अजून, हे सगळं दादाला काउंटरवर बसल्या बसल्या कळायचं. गिऱ्हाईक समोर उभं आणि दादा एका हातानं फोन कानाला लावून "हं, हं, मग?" करतोय, हे चित्र आमच्या रस्त्यावर सगळ्यांना पाठ होतं. वर्षाअखेर त्याच्या फोनची बॅटरी तासाभरात मान टाकायची. "दादा, तुमचा अँड्रॉइड नाही हरला, तुम्हाला वहिनींनी हरवलं," असं हे म्हणायचे, आणि दादा हसायचा. त्या हरण्याचं त्याला मुळीच वाईट वाटत नसे.

मागच्या वर्षीचे फोन घ्यायच्या थोडं आधी वहिनी गेली. आजार साधा वाटला होता. तसा तो नव्हता. त्यांना मूलबाळ नाही. मी दादाला म्हटलं, या वर्षी राहू दे ते फोनचं. तो म्हणाला, "छे. ती म्हणेल, माझं निमित्त करून पळ काढला." आणि ठरल्या दिवशी दोघांनी फोन घेतले.

वर्ष संपत आलं तेव्हा इमारतीच्या मालकानं आम्हाला बोलावलं. वरच्या मजल्यासाठी त्याला नवीन जिना काढायचा होता आणि तो आमच्या दुकानाच्या दर्शनी भागातून जाणार होता. करारात तशी सोय होती, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती. गवंडी येऊन फरशीवर खडूनं रेघ मारून गेला. रेघेच्या अलीकडे पुढच्या बाजूला एकच काउंटर मावत होतं. दुसऱ्यानं मागे यायचं, माझ्या टेबलाशेजारी, तोंड भिंतीकडे आणि पाठ रस्त्याकडे करून.

ह्यांना पुढची जागा हवी होती. त्यांच्या मनात कधीपासून एक काचेचं उभं शोकेस होतं, आतून दिवा लावलेलं. आणि दादाला ती हवी होती, हे सांगायची गरजच नव्हती. आयफोनवाला आधी फोन करून, ठरवून येतो. तो मागेही येईल. दादाचं गिऱ्हाईक रस्त्यावरून जाता जाता आत वळतं. गिऱ्हाईक नसलेले तर त्याहून जास्त वळतात. कोपऱ्यावरचा शिंपी येतो, बस चुकलेली शाळेतली बाई येते, फोनचा आवाज कमी झाला म्हणून एक आजोबा दर दोन दिवसांनी येतात आणि दादा दर वेळी त्यांचं तेच एक बटण दाबून देतो. वहिनी गेल्यापासून दादाचं जे काही बोलणं होत होतं ते त्या काउंटरवर होत होतं. मला ते दिसत होतं. मी त्याचा अर्थ एवढाच लावला होता, की धंदा बरा चाललाय.

दोन दिवस दोघं "तुम्ही बसा, तुम्ही बसा" करत राहिले. तिसऱ्या दिवशी बोलणं बंद पडलं. मग दादाच म्हणाला, "निकाल जवळ आलाय. ज्याचा फोन जास्त किंमत धरेल तो पुढे बसेल. हिचा शब्द शेवटचा."

ह्यांनी लगेच मान डोलावली. का नाही डोलावणार, आजवर एकदाही हरले नव्हते. मी मात्र दादाला बाजूला घेऊन झापलं. "आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतोस? कधी जिंकलायस का आजपर्यंत?"

"बघू की," दादा म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी अर्धं शटर ओढून आम्ही तिघं बसलो. आधी मी ह्यांचा फोन घेतला. खोक्यावरचा नंबर आणि फोनमधला नंबर जुळवला. पडदा पांढरा केला, काळा केला, कुठे डाग आहे का बघितला. बोट सगळीकडून फिरवलं. कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगची खाच. कडेला एक बारीक ओरखडा होता, बॅटरी वर्षभरात झिजते तेवढी झिजली होती. चांगला सांभाळलेला फोन. मी आकडा सांगितला. मूळ किमतीच्या बराच जवळ उभा होता तो. निम्म्याहून तर कितीतरी वर. हे खुर्चीत मागे रेलले.

मग दादाचा. त्यानं नेहमीच्या पद्धतीनं पडदा उघडून फोन माझ्या हातात दिला आणि आकड्यांचं कुलूप सांगितलं. खोकं स्वच्छ. काच स्वच्छ. मागची बाजू अशी, की कालच घेतलाय. मी बॅटरीची माहिती काढली आणि दोनदा बघितली. वर्षभरात ती जेवढ्या वेळा भरायला हवी होती त्याच्या पावपटही भरली गेली नव्हती. तोवर ह्यांनी मान पुढे करून आकडा वाचला होता.

"एवढी बॅटरी?" हे म्हणाले. "हा वर्षभर वापरलेला फोन आहे?"

"बाकीचं तपासू दे मला," मी म्हटलं. मनात हिशोब झालाच होता. असा कोरा करकरीत अँड्रॉइड वर्षानं माझ्या टेबलावर क्वचित येतो. या अवस्थेत तो ह्यांच्या फोनला थोडा का होईना, मागे टाकत होता. दादा जिंकत होता.

शेवटची चाचणी कॉलची. माझ्या स्वतःच्या नंबरवर फोन लावायचा आणि आवाज दोन्ही बाजूंनी नीट येतो का बघायचं. मी त्या फोनवरचं हिरवं बटण दाबलं. आलेल्या-गेलेल्या कॉलची यादी उघडली. पडदा माझ्याकडे होता, त्यामुळे ती फक्त मला दिसली.

यादीत आमच्या दुकानाचा नंबर होता. खाली पुन्हा दुकानाचा नंबर. पुन्हा तोच. सगळे न उचललेले, सगळे संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमाराचे. मधे कुठेतरी बँकेची रेकॉर्ड केलेली सूचना, एखादा अनोळखी नंबर, आणि पुन्हा दुकान. आधी मला वाटलं, फोन कुठे ठेवला ते सापडत नसेल म्हणून रिंग दिली असेल. पण इतक्यांदा? दुकानाचा फोन दादाच्याच काउंटरवर असतो. हा माणूस आम्ही निघून गेल्यावर दुकानाच्या फोनवरून स्वतःच्या खिशातल्या फोनला रिंग देत होता. मी बोट खाली सरकवत गेले. माझा नंबर त्यात कुठेच नव्हता. कसा असेल? मी पार्टिशनमागून "दादा" अशी हाक मारते आणि तो वळतो. फोन कशाला करायचा! संध्याकाळी मी ह्यांच्याबरोबर घरी जाते, स्वयंपाक करते, दिवसाची भांडणं तिथे पुरी करते, आणि दादा त्याच्या घरी जातो. तिथे तो काय करतो, हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. मला एकदम इतकं वाईट वाटलं की समोरचे आकडे दिसेनात.

"ड्रॉवरमध्ये ठेवला असणार," हे म्हणत होते. त्यांच्या आवाजात अजून राग नव्हता, थट्टाच होती. "दादा, रागावू नका, पण नियम म्हणजे नियम. हा ठेवला ड्रॉवरमध्ये आणि वापरला दुसराच. अगं, कॉलची यादी उघड ना. वापरला असेल तर यादी भरलेली असेल, नसेल तर रिकामी. दोन मिनिटांत निकाल."

मी दादाकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. मी ती यादी बघितली आहे हे त्याला माझ्या तोंडावरून कळलं.

"उघडायची गरज नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "ड्रॉवरमध्येच होता. लबाडी केली मी. जावईबापू, तुम्ही बसा पुढे."

हे चाट पडले. मीही पडले असते, पण यादीमागच्या पडद्यावर पावलं मोजणारी एक छोटी चौकट होती. काल किती चालला, परवा किती चालला, सगळं त्यात होतं. ड्रॉवरमधला फोन चालत नाही. हा फोन वर्षभर रोज दादाच्या खिशातून घरी गेला होता आणि परत दुकानात आला होता. फक्त वाजला नव्हता.

माझ्या दादानं गिऱ्हाईकाला कधी खोटं सांगितलेलं नाही. खोलून परत जोडलेला फोन तो 'खोललेला आहे हो' असं आधी सांगून मग विकतो, आणि आम्ही कपाळाला हात लावतो. तो माणूस बहिणीच्या नवऱ्यासमोर स्वतःला लबाड म्हणवून घेत होता. लबाड ठरला तर त्याची पुढची जागा जाणार होती, आणि उरलेलं आयुष्य तो भिंतीकडे तोंड करून बसणार होता. तेही त्याला चालत होतं. ती यादी कोणी बघितलेली चालत नव्हती.

आता मी खरं सांगितलं असतं तर तो जिंकला असता. यादी दाखवायची, पावलं दाखवायची, झालं. पण मग आमचे हे, जे मनानं मुळीच वाईट नाहीत, हळहळले असते. "दादा, अहो सांगायचं ना," म्हणाले असते. त्यांनी आपणहून पुढची जागा त्याला दिली असती आणि रोज संध्याकाळी जेवायला बोलावलं असतं. दादा त्या काउंटरवर दान मिळाल्यासारखा बसला असता. मी माझ्या भावाला ओळखते. तो दुसऱ्या दिवसापासून मान वर करून बोलला नसता.

आमच्या धंद्यात एक नियम आहे आणि तो माझाच आहे. भाव ठरून दोन्ही बाजू हो म्हणेपर्यंत फोन पुसायचा नाही. एकदा पुसला की त्याच्यात काही उरत नाही, आणि मग कोण खरं बोलतंय हे देवही सांगू शकत नाही. त्या चुकीपायी मी माझ्याकडे शिकायला आलेल्यांना घरी पाठवलेलं आहे.

मी सेटिंग उघडली. सगळं पुसायच्या ओळीवर बोट ठेवलं. फोननं विचारलं, नक्की? मी कुलपाचे आकडे टाकले. त्यानं पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं.

"अगं, काय करतेयस?" हे उठलेच. पडदा काळा झाला होता.

"झालं माझं तपासून," मी म्हटलं. "दादा खोटं बोलतोय. फोन ड्रॉवरमध्ये नव्हता, रोज वापरात होता. मी बघितलंय. नियमात बसतो. दादाचा फोन जास्त किंमत धरतो. दादा पुढे बसेल."

"मी सांगतोय ना, मी ठेवला होता—" दादा म्हणाला.

"तू गप्प बस."

"आणि पुरावा?" ह्यांनी विचारलं.

"मी आहे की पुरावा."

 इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या निकालावर शंका घेतली नव्हती, अगदी ज्या सौद्यात त्यांचं नुकसान झालं त्यातही नाही. "पुसलास तू तो," ते म्हणाले. "भाव व्हायच्या आधी. तू!" मग स्वतःचा फोन उचलून त्यांनी खिशात टाकला. "बरोबर आहे. शेवटी माहेर ते माहेर."

मला बोलता येतं. आमच्या बाजारात माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. पण याला उत्तर द्यायचं तर यादीत काय होतं ते सांगावं लागलं असतं, म्हणून मी शटर वर ओढलं आणि टेबल पुसायला घेतलं.

जिना झाला. हे मागे आले. शोकेसचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचे, गिऱ्हाईकाशी गोड बोलायचे आणि माझ्याशी कामापुरतं. "तो निळा फोन झाला का?" "झाला." एवढंच. घरीही तसंच. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. रात्री ताट समोर ठेवलं की "बस" म्हणायचे, वाढायच्या आधीच.

आणि ज्याच्यासाठी हे केलं तो माझ्यावर त्याहून चिडला होता. एक दिवस हे बाहेर गेलेले बघून दादा माझ्या टेबलाशी आला. "तुला कोणी सांगितलं होतं मधे पडायला? मागे बसलो असतो मी. मेलो नसतो."

"मग बस ना मागे! कोण अडवतंय?" माझाही तोल गेला. "नवरा माझ्याशी बोलत नाही तुझ्यापायी, आणि वर तूच मला विचार!"

 टेबलावरचा एक बारीक स्क्रू त्यानं उचलला, परत ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुला वाटतंय तसं काही नाही ते. फोन बिघडलाय का, एवढंच बघत होतो. इतके दिवस वाजला नाही की माणूस बघणारच ना."

आणि पुढे निघून गेला.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी फोन हातात घेतला. दादाचा नंबर काढला. पण बोलू काय? दिवसभर तर समोर होता. जेवलास का? झोपलास का? मी आज फोन केला, तर का केला हे त्याला पहिल्या वाक्यात कळेल. नकली बॅटरी मी जशी हातात घेताच ओळखते, तशी दादा कीव ओळखतो. मी फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला.

नवे फोन घ्यायचा दिवस आला. मला वाटलं, या वर्षी कोणी नाव काढणार नाही. पण सकाळी दादा दोन खोकी घेऊन आला. एक स्वतःच्या काउंटरवर ठेवलं आणि दुसरं मागे येऊन ह्यांच्या समोर ठेवलं. "जावईबापू, हरलेल्यानं या वर्षी कंबर कसावी." हे हसले नाहीत, पण खोकं सरकवूनही दिलं नाही. नखानं त्याचं सील फोडायला लागले.

दादा माझ्याकडे वळला. नवा फोन पुढे करून म्हणाला, "कोरा आहे. तुझा नंबर सांग."

"माझा नंबर पाठ नाही तुला?"

"कधी लागलाच नाही."

मी एकेक आकडा सांगत गेले. तो जाड बोटानं टाकत गेला. एक चुकला, तो पुसून परत टाकला. मग पुढे जाऊन बसला. मी दोन-तीन दिवस उगाच फोन जवळ ठेवला. मग कामात विसरले.

एका दुपारी मी एका फोनची फुटलेली काच गरम करून सोडवत होते. हे शेजारी भिंतीकडे तोंड करून कोणाचं तरी बिल करत होते. माझा फोन वाजला. पडद्यावर 'दादा'. मी काचेतून पुढे बघितलं. दादा त्याच्या जागेवर होता, माझ्याकडे पाठ, तोंड रस्त्याकडे, आणि फोन कानाला.

मी उचलला. "काय रे?"

"काही नाही." त्याचा आवाज फोनमधून आला आणि काचेपलीकडूनही आला. "सहज."

"बोल ना."

"काही नाही गं. घरचा नळ गळतोय काल रात्रीपासून. वॉशर गेला असेल. रात्रभर टपटप, टपटप. खाली फडकं ठेवलं तर आवाज थांबला. पण मग मला वाटलं, थांबला म्हणजे काय, पाणी तर जातच असणार..."

"हं," मी म्हटलं. "मग?"

तो सांगत राहिला. उठून त्यानं बादली ठेवली, मग पाना शोधला, पाना वहिनी कुठे ठेवायची ते आठवेना, म्हणून स्वयंपाकघरातल्या फळीवरचं सगळं खाली काढलं, त्यात त्याला काय काय सापडलं. मी "इकडे ये आणि सांग" असं म्हणू शकले असते, आम्ही हाकेच्या अंतरावर होतो. मी म्हटलं नाही. हातातली काच गार होऊन परत चिकटली तरी मी "हं, हं, मग?" करत राहिले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि आवाज नीट ठेवायला मला फार कष्ट पडत होते.

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी रडतेय आणि फोनवर आहे, हे बघून ते कावरेबावरे झाले. घरून काही वाईट बातमी आली की काय, असं वाटून त्यांनी खुणेनं विचारलं, कोण?  तेव्हा त्यांना काचेपलीकडचा आवाज ऐकू आला. त्यांनी पुढे बघितलं. दादाची पाठ, दादाच्या कानाचा फोन. मग परत माझ्याकडे, माझ्या कानाच्या फोनकडे. ते बघताना त्यांचा चेहरा सावकाश बदलत गेला. माणूस धंद्यातला आहे. कोरी बॅटरी, न दाखवलेली यादी, मी घाईनं पुसलेला फोन, हे सगळं त्यांनी आपलं आपण जुळवलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात पुढे एक गिऱ्हाईक शिरलं. दादा "बरं, ठेवतो" म्हणायला लागला आणि फोन कानावरून खाली यायला लागला.

हे उठले. जिन्याच्या भिंतीला अंग घासत, मधली अरुंद वाट काढत पुढे गेले आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला खुणेनं सांगितलं, बोला, बोला तुम्ही. मग काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिले.

"या. काय दाखवू?"

गिऱ्हाईक ओळखीचं होतं. त्यानं ह्यांच्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि जरा गोंधळून म्हणालं, "नाही, मला त्यांच्याकडचा हवाय. अँड्रॉइड."

"अँड्रॉइडच दाखवतो की," हे म्हणाले. "त्यांना वेळ लागेल. ते बोलतायत."